सातवा नंबर

...नाही नाही, पाय दुखले त्याचं काही नाही हो, पाय काय, दुखतातच, नखं काळी पडली ती पडली, तंबूत वाळू, डब्यात वाळू, दातांखाली वाळू, परवा कानातून वाळू निघाली, घरी येऊन तीन आठवडे झाल्यावर! पण त्याचंही काही नाही. मला समुद्र आवडत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. कोणाला? बायकोला. ती काय म्हणाली? "तुम्हाला आवडावा म्हणून नाही ठेवलाय तो तिथे." संपलं! आमच्याकडे शेवटचा शब्द तिचा. एकतीस वर्षं.

माझं चष्म्याचं दुकान. मी आपला सावलीत बसणारा माणूस, लोकांना म्हणायचं, डावा डोळा झाका, खालची ओळ वाचा. मला कोणी सांगितलंय पाठीवर बारा किलोची सॅक घेऊन ओसाड किनाऱ्याने पाच दिवस चालायला? तिने! वर्षभर आधी दोघांचं बुकिंग करून मोकळी झाली, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणून फ्रिजवर चिकटवलं, आणि निघायला चार महिने राहिले असताना... गेली. दुकानातून घरी येताना, हातात दुधाची पिशवी. पिशवी फुटलीसुद्धा नाही.

तुम्हाला खरं सांगतो, मी हे तोंडाने कोणाला सांगितलंच नाही. गिऱ्हाईक विचारायचं, वहिनी दिसत नाहीत? मी म्हणायचो, आत आहे. ट्रेकवाल्यांना फोन केला, तिला जमणार नाही. आता यात खोटं काय, सांगा! जमणारच नव्हतं.

मग तुम्ही कशाला गेलात, असं विचारणार ना? अहो, फ्रिज! दूध काढायला जावं तर भरती, लोणी काढायला जावं तर ओहोटी. किती दिवस सहन करणार माणूस? गेलो.

तर तिथली पद्धत अशी, की एका रांगेत चालायचं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढून गाइड ओरडणार, "मोजा!" की ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. एक नंबर निवृत्त हेडमास्तर, ते "एक" असं म्हणायचे की वाटावं, आता प्रार्थना. दोन-तीन नवं जोडपं; ती खणखणीत "दोन", तो बिचारा "तीन" म्हणजे जणू परवानगी मागतोय. चार एक शिवणकाम करणाऱ्या बाई, पाच दातांचे डॉक्टर, सहा मी. सातवा रिकामा. म्हणजे माझ्यामागे कोणी नाही, नुसता समुद्र. आणि मला समुद्र आवडत नाही.

पहिल्याच मोजणीला मी "सहा" म्हटलं आणि पाठोपाठ तोंडातून हळूच निघालं, तिच्या आवाजात, "सात." हसू नका! मला तिचा आवाज काढता येतो. ती कामात असली की दुकानाचा फोन मी तिच्याच आवाजात घ्यायचो, "हां, बोला, पुन्हा काय राहिलं?" कारण माझ्या शब्दावर काचवाला काचा पाठवत नसे. दोन दिवस असंच चाललं, पुटपुटल्यासारखं, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाइडचा पाय मुरगळला. त्याला होडीतून परत पाठवलं आणि त्याच होडीतून दुसरी गाइड आली, तिशीतली, खमकी, हातात यादी. यादीत सात! कंपनीने यादी सुधारलीच नव्हती. आणि धुकं असं, की मला चष्म्यावरचा थेंब दिसतोय, पुढे डॉक्टरांची सॅक दिसतेय, खेळ खलास. ती पुढून ओरडली, "मोजा!" एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. "सात? सात कोण आहे?"

काय म्हणायचं होतं? सातवं कोणी नाही. तीन शब्द. मी जीभ उचलली आणि म्हणालो, "सात." तिच्या आवाजात, चांगलं ठणठणीत. बाकीच्यांना वाटलं, होडीतून आणखी कोणीतरी आलं असेल. डॉक्टर तेवढे मागे वळले, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा चालायला लागले. दातांचा डॉक्टर तो, कुठे दुखतंय ते त्याला न बोलता कळतं.

दोन तास असेच. सहा मीच, सात मीच. आणि मग... ऐका हां. मी बिस्किट खात होतो. अख्खं बिस्किट तोंडात, कोरडं ठक्क, घशाखाली उतरेना, आणि पुढून गाइडचं "मोजा!" कसाबसा "शहा" म्हटलं, चुरा डॉक्टरांच्या सॅकवर. आणि मागून आलं...

"सात."

मी नाही हो! माझ्या तोंडात बिस्किट! मागून, दोन पावलांवरून, जरा धापा टाकत, जरा वैतागून, म्हणजे सात म्हणून सांगायचं असं की चला आता, किती रेंगाळाल. मी वळलो नाही. ती मागून येत असली की वळून बघायचं नाही, हे मी एकतीस वर्षांत शिकलोय. "मी काय हरवणारे?" असं म्हणायची. वाळूत पावलं वाजत होती. माझी थांबली तर तीही थांबायची.

भीती वाटली का? वाटली. पण पाठीवरचं ओझंही कमी झालं, काय सांगू तुम्हाला! मी बोलायलाच लागलो, नखांचं, वाळूचं, त्या हेडमास्तरांच्या घोरण्याचं... चार महिन्यांचं साचलेलं सगळं. आणखी तीन मोजण्या झाल्या. तिन्ही वेळा मी फक्त सहा.

मग आलं कड्याचं टोक. तिथून ओहोटीतच जाता येतं. पाणी चढलं की एकीकडे कडा, एकीकडे समुद्र, मध्ये माणसाला जागाच नाही. आम्ही खडकांवरून एकेक करत पलीकडे आलो, पाणी गुडघ्याला लागलेलं. "मोजा!" एक, दोन, तीन, चार, पाच. "सहा." मी थांबलो. लाट आली, गेली.

"सात?"

काही नाही.

"सात!" गाइडने सॅक टाकली आणि तशीच पाण्यात परत निघाली. नसलेल्या बाईला शोधायला! धुक्यात तिचं लाल जॅकेट दिसत होतं, पाणी कमरेला लागलं होतं. म्हटलं, पुन्हा तिच्या आवाजात "सात" म्हणून टाकावं, येईल ही परत. तोंड उघडलं. आवाज येईना. तिचा आवाज माझ्याकडे नव्हताच, गेला होता. उरला माझा. त्याच्यातच ओरडलो, "परत या! सातवी माझी बायको. ती वारली!"

वारली. हा शब्द मी पहिल्यांदा वापरला, तोही लाटेवर ओरडून.

गाइड परत आली, चिंब. मला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि बसायलाच हवी होती. ती एवढंच म्हणाली, "मग सकाळपासून मला उत्तर कोण देत होतं?"

मी म्हटलं, "थोडा वेळ मी."

डॉक्टरांनी माझी सॅक उचलली.

उरलेले दोन दिवस मोजणी सहावर थांबली. शेवटचा शब्द माझा! एकतीस वर्षं ज्याच्यासाठी तळमळलो तो मिळाला, आणि मिळाला तो काय? "सहा." म्हणायचं आणि ऐकत राहायचं. आता गिऱ्हाइकाने विचारलं तर नीट सांगतो, वारली. फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलं. पुढच्या वर्षीचं लावलं.

हो, पुन्हा जातोय. परवा बुकिंगला फोन केला, तर उचलला त्याच गाइडबाईंनी. किती जण? म्हटलं, एक. नंबर कोणता देऊ? म्हटलं, शेवटून दुसरा. मग हळूच म्हणाली, "आणि शेवटचा?"

म्हटलं, रिकामाच ठेवा. अहो, मला समुद्र आवडत नाही, तिला आवडतो. आली तर आली.