हुकलेली किक

अरे, त्या शनिवारी आमच्या इथल्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉल टीम घरच्या मैदानावर एका पॉइंटने हरली. शेवटच्या क्षणी गोलच्या खांबांमधून मारायची किक हुकली, नाहीतर जिंकलोच होतो. मी स्टँडमधून ती किक मारणाऱ्या पोराला, म्हणजे किकरला, नाही नाही ते बोललो.

सोमवारी संध्याकाळी बायको घरी आली. ती त्याच युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवते.

"तो किकर माझ्या वर्गात आहे," ती म्हणाली. "आज तो आत आला आणि सगळा वर्ग गप्प झाला."

"मग?"

"मग काय, पहिल्या रांगेत बसला. मी नेहमीसारखा होमवर्क मागितला. त्याने पूर्ण केला होता रे."

जरा वेळाने तिने विचारलं, "तुझं ऑफिस कसं झालं?"

हरल्याच्या वैतागात मी त्या दिवशी आजारपणाची सुट्टी टाकून घरीच बसलो होतो; "ठीक," म्हणालो आणि चहा ठेवायला उठलो.