डावा समास आणि मागचा रॅक

विषय : मोटारसायकलच्या मागे सामानाचा रॅक बसवण्याबाबत.
संदर्भ : आमच्या हिच्या तोंडी सूचना, वेळोवेळी.

तर उपरोक्त विषयाबाबत तुम्हाला सांगतो, त्या वेल्डिंगवाल्याला अक्कल नाही! तुम्ही म्हणाल, सुरुवातच शिवीने? शिवी कुठली हो, वस्तुस्थिती आहे. वाहननोंदणीच्या ऑफिसात चौतीस वर्षं कारकुनी केली, कुणाबद्दल वावगा शब्द तोंडातून काढला नाही, जो काढला तो लेखी काढला. तेव्हा ही माझी तक्रार नाही. नोंद आहे.

निवृत्त झालो आणि लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली. ही म्हणाली, "साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं, आज दारात उभी बघितली." बरं, म्हणाली तर म्हणाली, पण दुसऱ्याच दिवशी तीच विचारते, "यावर मशीन मावेल का हो?" मशीन म्हणजे शिलाईचं, हाताने फिरवायचं, लाकडी पेटीसकट चौदा किलो. हिच्या थोरल्या बहिणीचं. हिने आठ दिवसांसाठी म्हणून आणलं, त्याला अकरा वर्षं झाली. मध्ये कधीतरी ताईने फोनवर विचारलं, "मशीन चालतंय ना गं अजून?" झालं! एवढंच विचारलं हो बिचारीने! पण हिने त्यातून जो अर्थ काढला, तो मोठमोठ्या ग्रंथांवरच्या टीकाकारांनाही सुचला नसता. चार वर्षं दोघी बोलत नाहीत. आणि आता ताई सत्तरीची झाली, डोळे अधू झाले, हे कानावर आल्यापासून ही रात्रंदिवस एकच धोशा लावून बसलेली... "मी स्वतः नेऊन तिच्या दारात ठेवणार. बसच्या टपावर टाकून नाही. नीट."

नीट! आता गाडीला कंपनीने दिलेल्या कॅरियरवर सूचना चिकटवलेली काय, तर पाच किलोपेक्षा जास्त वजन ठेवू नये. पाच किलो! लांब पल्ल्याची गाडी म्हणे! माणसाने काय पंचा नेसून देशाटन करायचं? तेव्हा मी ठरवलं, रॅक आपण आखायचा. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर फुलस्केप कागद जोडून एकास एक, खऱ्या मापाचा नकाशा काढला. पेटी मोजली, सीट मोजली, मागच्या दिव्यावर सावली पडू नये म्हणून किती उंच, हिच्या पाठीला टोचू नये म्हणून किती मागे, सगळं सगळं. ही म्हणाली, "अहो, मला मोजायला नको का?" म्हटलं, तू नोंदीत आहेस.

नकाशा घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तोंडात तार, डोळ्यावर काळा चष्मा, आवाज असा की जणू आपणच त्याचं काही बिघडवलंय. "ठेवा कागद. परवा या."

"अहो पण जरा समजावून..."

"काका, कागदावर आहे ना? मग कागद बोलेल. तुम्ही कशाला?"

परवा गेलो. रॅक काय सुंदर झालेला! पाय गाडीच्या बोल्टांवर चपखल बसलेले, जोड गुळगुळीत, रंग काळा. मशीन चढवलं, पट्टे आवळले, ही मागे बसली आणि निघालो. पन्नास पावलांवर ही विचारते, "अहो, आपण वळतोय का?" म्हटलं नाही, सरळ चाललोय. "मग मी का वळतेय?" तेवढ्यात वास आला. लाकूड भाजल्याचा! उतरून बघतो तर वरचा सांगाडा दीड इंच उजवीकडे सरकलेला, आणि ताईची पेटी थेट सायलेन्सरवर बसून शेकतेय!

तसाच परत फिरलो. म्हटलं, हा काय प्रकार? त्याने चष्मा वर केला, माझाच नकाशा गाडीवर पसरला, कागदाची डावी कड डाव्या बोल्टाला लावली. "बघा. बरोबर आहे."

"अहो, तो समास आहे! डावीकडे दीड इंच समास सोडायचा असतो!"

"कशाला?"

कशाला? मंडळी, चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता! आणि हा म्हणतो, "काका, मी लोखंडाचं काम करतो. लोखंडात रिकामी जागा नसते." वर हिचं सुरू झालं, भर रस्त्यात, "घरातसुद्धा भिंतीपासून दीड इंच सोडून झोपतात हो हे!" आणि तो हसला! माझ्या बायकोच्या जोकवर, माझ्या रॅकशेजारी उभा राहून! माझी तक्रार नाही. नोंद आहे.

असो. दुसरा नकाशा काढला. छातीवर दगड ठेवून समास न सोडता काढला, डावी नळी अगदी कागदाच्या कडेला. चोरी केल्यासारखं वाटत होतं हो. पण दुसरा रॅक मधोमध बसला, गाडी सरळ चालली. ही म्हणाली, "चला, उद्या पहाटे निघू."

म्हटलं, थांब. गाडीच्या मूळ रचनेत बदल केलाय, परवानगी लागते.

"अहो, लोक मागे कपाटं बांधून फिरतात! कोणी विचारतं?"

कोणी विचारत नाही म्हणून मी न विचारता जायचं? ज्या खिडकीतून चौतीस वर्षं असल्यांना परत पाठवलं, त्या खिडकीला काय तोंड दाखवू? अर्ज केला. सोबत नकाशा जोडला.

खिडकीत कोण? टाचणी! माझ्या जागेवर आलेला. खरं नाव आता कोणाला आठवत नाही, सगळ्याला टाचणी लावतो म्हणून टाचणी. मीच शिकवलेला, मीच घडवलेला. उठून उभा राहिला, "सर, बसा सर, पाणी घ्या सर." मग नकाशा हातात घेतला, उजेडात धरला, आणि चेहरा पडला. "सर... समास नाही."

"अरे, तो मुद्दाम..."

"सर, फाइलला लावायला भोक पाडलं तर डाव्या नळीतून जाईल. मग मंजूर नकाशात नळीला भोक दिसेल, प्रत्यक्षात नसेल. तपासणीवाला काय म्हणेल, सर?"

मंडळी, हा मुद्दा बिनतोड आहे. मीच काढलाय तो, वीस वर्षांपूर्वी. परिपत्रकाखाली सही माझीच, त्याने काचेखालून काढून दाखवली. "तुमच्याकडूनच शिकलो, सर." आणि असा नम्रपणे हसला की त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं!

समास सोडून तिसरा नकाशा दिला. टाचणी म्हणतो, आता हा नकाशा आणि बसवलेला रॅक एकच असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला आणा. वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने दुसरा आणि तिसरा नकाशा शेजारी ठेवून डाव्या कडा जुळवल्या. "काका, हा माझा रॅक नाही. हा दीड इंच सरकलाय."

त्या दिवशी हिने मशीन उचललं, बसमध्ये चढली, चौदा किलो मांडीवर घेऊन दीड दिवस बसली. जाताना खिडकीतून म्हणाली, "बघा, समास न सोडता बसलेय."

काल हिचा फोन आला. पलीकडे दोघी खिदळताहेत, चार वर्षांचं एकदम. ताई म्हणे दारात मशीन बघून रडली, मग म्हणाली, "वेडे, मला आता सुईत दोरा ओवता येतो का? तुझ्याकडेच राहू दे." आणि ही मला म्हणते, "परत आणायचंय हो. मी नाही आता मांडीवर घेणार, पाय अजून सुजलेत. न्यायला या. तुमच्या त्या रॅकवर."

म्हणजे सद्यःस्थिती अशी : बायको आणि मशीन तिकडे, मी आणि रॅक इकडे. माझी तक्रार नाही.

अर्ज विचाराधीन आहे.