खंडेनवमीचा फळा

तिप्पण्णा: सावित्रम्मा, मी फोनवर सरळ सांगूलालोय. आमच्या मोठ्या दवाखान्याचा फळा आज कोरा आहे. म्हणजे तुमच्या दवाखान्याचाही कोराच पाहिजे.

सावित्रम्मा: कोरा कसा झाला ते आधी सांग. काल संध्याकाळी तूच वाचून दाखवलास की. रक्त देणाऱ्यांची नावं होती, गट होते, पत्ते होते. एका दिवसात सगळ्यांनी गाव सोडलं काय?

तिप्पण्णा: गाव कशाला सोडतील? आज खंडेनवमी. ऑपरेशनच्या कात्र्या पुजल्या, स्ट्रेचर पुजला, वजनकाटा पुजला. मग फळ्यानंच काय घोडं मारलंय? ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसला, हळदीकुंकवाची बोटं ओढली, वरून झेंडूची माळ घातली. असा दिसूलालाय म्हणता, बघत राहावं.

सावित्रम्मा: अय्यो! नावांसकट पुसलास?

तिप्पण्णा: नावं ठेवून फळा कसा पुसतात, ते तुम्हीच सांगा.

सावित्रम्मा: आणि आता?

तिप्पण्णा: आता काय, रूल. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मागंच सांगून ठेवलंय. दवाखाने तीन, फळे तीन, पण यादी एक. रोज संध्याकाळी मी मोठा फळा वाचणार. तुम्ही आणि स्टेशनाकडचा चनबसप्पा आपापला फळा त्याच्यासारखा करणार. माझ्याकडं आहे ते लिहायचं, माझ्याकडं नाही ते पुसायचं. चनबसप्पानं बघा, मी कोरा म्हटल्याबरोबर पुसून टाकला. एक शब्द उलटा बोलला नाही.

सावित्रम्मा: त्यानंही पुसला?

तिप्पण्णा: नवा आहे, पण शिस्तीचा आहे.

सावित्रम्मा: शिस्तीचा! तुम्ही दोघांनी डोक्यालाही आज फडकं मारलंय काय? यादी तीन ठिकाणी ठेवली ती कशाला? एकीकडं हरवली तर दुसरीकडं सापडावी म्हणून की!

तिप्पण्णा: आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हा झाल्या होत्या, ते विसरलात? उन्हाळ्यात त्या बिचाऱ्या मास्तरांना सकाळी तुम्ही बोलावलंत. तुमच्या फळ्यावर रक्त दिल्याची फुली पडली, आमच्यावर पडली नाही. दुपारी आम्ही बोलावलं. भिडेखातर माणूस आमच्याकडंही आला आणि दारातच चक्कर येऊन पडला. तेव्हापासून हा रूल आहे.

सावित्रम्मा: ते खरं आहे. मास्तरांना सरबत मीच पाजत होते. मी कुठं नाही म्हणते?

तिप्पण्णा: मग पुसा. मी फोन धरून उभा आहे.

सावित्रम्मा: आज नाही जमायचं.

तिप्पण्णा: का?

सावित्रम्मा: माझ्याही फळ्याची पूजा झालीय. मी नावं तशीच ठेवली, चौकटीला कुंकू लावलं, फूल वाहिलं. पुजलेल्या वस्तूला दसरा उजाडेपर्यंत हात लावत नाहीत. आमच्या घरात तर आज विळीसुद्धा पाटावर बसलीय. सकाळपासून चुरमुऱ्यावर आहे मी.

तिप्पण्णा: साहेबांनी विचारलं तर काय सांगू?

सावित्रम्मा: सांग, सावित्रम्मा उद्या सोनं वाटून झालं की पुसते. पळून चाललीय काय मी? ठेव आता फोन. नको, थांब जरा, ठेवू नकोस. अहो, कोण तुम्ही? असे धापा टाकत कुठून आलात?

हरिबा: आक्का, मी हरिबा. मेंढक्या हाय. मोडनिंबाजवळ आमच्या मेंढरांचा वाडा पडलाय. माजी कारभारीन केरा, तिला दुपारी ट्रकनं हितं तुमच्या दवाखान्यात आनली. पोरगी झाली. पर तिचं रगात थांबंना झालंय. लई गेलंय. बाईडाक्टर म्हनली, ही चिठ्ठी घे आन टेलिफोनवाल्या आक्काकडं पळ.

सावित्रम्मा: द्या इकडं. ओ निगेटिव्ह. शिवा शिवा. हा गट लवकर मिळत नाही हो.

हरिबा: माजं काडा म्हनलो मी. लागंल तेवडं काडा. त्यास्नी माजं जमत न्हाय, माज्या भावाचं बी जमत न्हाय. आक्का, एवडं मोटं सोलापूर हाय, एकाचं तरी जमंल की न्हाय?

सावित्रम्मा: जमेल. बसा तुम्ही. तिप्पण्णा, ऐकलास ना? मोठ्या दवाखान्यात ओ निगेटिव्हची बाटली आहे का?

तिप्पण्णा: नाही. एकच होती, ती परवा लागली. आता देणाऱ्यालाच बोलवायला पाहिजे. पण सावित्रम्मा, नावं... नावं तर मी...

सावित्रम्मा: तू पुसलास, चनबसप्पानं पुसला. मी पुसली नाहीत. रडू नंतर, आता ऐक. माझ्या फळ्यावर ओ निगेटिव्हची तीन नावं आहेत. पहिला कुंडलिक, गिरणीतला. पुढं लिहिलंय, सणाला जेऊरला गेलाय. दुसऱ्या सारजाबाई. त्यांच्यापुढं फुली आहे, नुकतंच तुमच्याकडं रक्त देऊन गेल्यात.

तिप्पण्णा: होय होय, मीच ती फुली तुम्हाला सांगितली होती.

सावित्रम्मा: तिसरे वीरभद्रप्पा. तेलाच्या घाण्याचे. पत्ता तुमच्याच मागच्या गल्लीतला.

तिप्पण्णा: वीरभद्रप्पा! अहो, ते घरीच असणार. आज घाणा बंद आहे.

सावित्रम्मा: मग बघत काय बसलास? घेऊन ये त्यांना.

तिप्पण्णा: कशावर आणू? साहेबांची गाडी साहेबांबरोबर गावाला गेलीय. टांगेवाल्यांनी टांगे धुऊन पुजलेत, रस्त्यावर एक दिसत नाही.

सावित्रम्मा: तुझी सायकल?

तिप्पण्णा: तीही पुजलीय. हँडलला उसाचं कांडं बांधलंय. वा सावित्रम्मा! तुमचा फळा उद्यापर्यंत शिवायचा नाही आणि माझी सायकल रस्त्यावर काढायची? रीत काय तुमच्याच घरात आहे?

सावित्रम्मा: तिप्पण्णा, फळा पुसला तर माणूस हरवतो. सायकल काढलीस तर माणूस येतो. एवढंच बघ. पाप लागलं तर माझ्या नावावर लाव, उद्या मी तुझ्या सायकलीला नारळ फोडते.

हरिबा: आक्का, फोनमदी कोन हाय त्ये? मला द्या जरा. दादा, मी हरिबा बोलतुया. मला तुमचं रूल कळत न्हायत. पर पोरीचं त्वांड अजून तिच्या आईनं बगितलं न्हाय. तेवडं बगू द्या तिला. दादा, हाय का तुमी?

तिप्पण्णा: आहे. सायकल काढतो. फोन तसाच टाकून चाललोय, सावित्रम्मा. डॉक्टरीणबाईंना सांगा, माणूस निघाला.

(दिवाळीच्या तोंडावर, एका संध्याकाळी, टेलिफोनच्या त्याच खोलीत. तिप्पण्णा फळा पडताळायला आलेला.)

हरिबा: आक्का, वळखलं का?

सावित्रम्मा: आवाजावरनं ओळखलं. त्या दिवशी तोंडाकडं बघायला सवड कुठं होती? या, आत या. केराबाई कशी आहे?

हरिबा: भाईर झाडाखाली बसलीय, पोरीला पाजतीया. ब्येस हाय. भाकरी खाती, मला वरडती.

सावित्रम्मा: ओरडते ना? मग पक्की बरी झाली म्हणायची.

हरिबा: आक्का, आदी वीरभद्रप्पांच्याकडं जाऊन आलो. पाय धराय गेलो तर धरू देईनात. म्हनले, मी माज्या घरात चहा पीत हुतो, मला काय ठावं तुजी केरा कोन? ज्येनं माजं नाव घेतलं त्येला जाऊन सांग. म्हनून हिकडं आलो. ही घोंगडी घ्या. लोकर आमच्याच मेंढरांची, केरानं सोता कातलीय. ढेकळात पडल्या पडल्या सूत काडत हुती बगा.

सावित्रम्मा: मला कशाला, हरिबा? मी केलं काय? आज पुसायचं ते उद्यावर ढकललं. खरं सांगू? पूजा झाली नसती तर भांडत भांडत का होईना, मीही पुसलाच असता.

हरिबा: पर न्हाय की पुसला. माजी केरा जित्ती हाय, मला बाकीचं काय करायचंय?

सावित्रम्मा: तर मग घोंगडी ह्याला द्या. फोनमधला तो हाच.

हरिबा: ह्ये? ह्ये सायकलवालं दादा?

तिप्पण्णा: नको, नको. देवा, मला नको. नावं मीच धुतली होती हो. ती घोंगडी पांघरून मला झोप यायची नाही.

हरिबा: दादा, वीरभद्रप्पा सांगत हुते, तुमी त्यास्नी सायकलीच्या दांडीवर बसवून आनलं. उसाच्या कांड्यासकट.

तिप्पण्णा: कांडं सोडायला वेळ कुठं होता? आणि अप्पा काय हलके आहेत होय? चढावर मी उतरलो, पण त्यांना उतरू दिलं नाही. रक्त त्यांना द्यायचं होतं, दमून कसं चालेल? ते वर बसलेले, मी खाली घाम गाळत ढकलूलालोय, हँडलला ऊस. लोक दारात येऊन हात जोडत होते. त्यांना वाटलं, नवमीची मिरवणूकच चाललीय.

सावित्रम्मा: आणि अप्पाही वरून सगळ्यांना नमस्कार करत होते म्हणे!

हरिबा: हसू नगा आक्का. माज्या लेखी ती मिरवनूकच. मी दाराशी हुबा हुतो. लांबनं त्ये कांडं दिसलं आन मी बाईडाक्टरला सांगाय आत पळालो, तुमचं त्वांड बी बगितलं न्हाय. दादा, मी म्हातारा होईस्तवर तुमचं नाव घीन.

तिप्पण्णा: असं बोलू नका हो. नाव घ्यायचं तर अप्पांचं घ्या.

सावित्रम्मा: अप्पांचं घेतीलच की! पण हरिबा, ह्याचंही सांगते. दसऱ्याला सकाळीच आला. माझ्या फळ्यावरनं सगळी नावं उतरवून घेतली, चनबसप्पाला नेऊन दिली, सायकलीचा नारळही स्वतःच फोडला. मग साहेब आले तसा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि रूल बदलून मागितला.

तिप्पण्णा: बदलायलाच पाहिजे होता. आता कुणाचा फळा कोरा दिसला तर दुसऱ्यानं पुसायचं नाही. ज्याला काढायचं त्याचं नाव घेऊन सांगायचं आणि का काढायचं तेही सांगायचं. नाव घेतलं नाही, तर माणूस आहे असंच धरून चालायचं.

हरिबा: आमच्यात बी तसंच असतंय. सांजच्याला मेंढरू दिसलं न्हाय म्हनून कुनी मेलं म्हनत न्हाय. आदी शेजारच्या वाड्यात बगायचं. लई वेळा तितंच घावतंय.

सावित्रम्मा: बघ तिप्पण्णा! हेच मी त्या दिवशी घसा कोरडा करून सांगत होते. बरं, घोंगडीचं असं करू. बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवू. थंडी येईल, जिच्याजवळ पांघरूण नाही तिच्या अंगावर घालू. चालेल?

हरिबा: चालंल की! केराला आवडंल. आन आता माजं नाव लिवा. माजा गट ‘बी पॉझिटिव्ह’ हाय, मगाशीच बगून घेतलं.

तिप्पण्णा: लिहितो. पत्ता काय?

हरिबा: मेंढरं जिकडं, तिकडं मी. दिवाळी झाली की वाडा हलवायचा.

तिप्पण्णा: असं फळ्यावर कसं लिहू? उद्या बोलवायची वेळ आली तर कुठल्या माळावर हाका मारायच्या?

हरिबा: मोडनिंबाच्या पेठंत रावजीशेटचं दुकान हाय, आमची लोकर त्येच घेत्यात. त्यांच्याकडं फोन हाय. वाडा हलला की मी त्यास्नी निरोप धाडीन, त्ये तुमास्नी कळवतील. तुमी फळ्यावर बदलत ऱ्हावा.

सावित्रम्मा: तीन फळे जुळवता जुळवता ह्याची दमछाक होते, त्यात आता तुमची मेंढरं आली.

तिप्पण्णा: येऊ देत. रोज संध्याकाळी वाचतोच की, त्यात एक ओळ जास्त. चला, वेळ झाली. चनबसप्पाला फोन लावतो.

हरिबा: जरा थांबा दादा. अजून एक नाव हाय. केराबाई हरिबा मेटकरी.

सावित्रम्मा: केराबाईचं? अहो, ती आत्ता कुठं उठून बसलीय.

हरिबा: आज न्हवं, आक्का. अंगात ताकद आल्यावर. तिला कुनी तरी सांगितलंय, तिचा गट लवकर घावत न्हाय. तवापास्नं एकच धरून बसलीय. म्हनती, मला मिळालं, पर माज्यावानी दुसरी कुनी आली आन तवा वीरभद्रप्पा गावाला गेल्यालं असलं तर? तिनंच मला आत धाडलंय. सोता याय लाजतीया.

सावित्रम्मा: अय्यो, काय बाई आहे ही! डोळ्यांत पाणी आणलंत, हरिबा. लाजायचं काय त्यात? बोलवा तिला, पोरीलाही घेऊन येऊ दे. तिचं नाव तिच्यासमोर लिहिते मी. खडू कुठं गेला माझा?

हरिबा: केरा! ए केरा! आत ये, आक्का बोलावत्यात!

तिप्पण्णा: हॅलो, चनबसप्पा? लिहून घे. ओ निगेटिव्ह, वीरभद्रप्पांच्या खाली. केराबाई हरिबा मेटकरी. निरोप मोडनिंबाला, रावजीशेटच्या दुकानात. वाच बघू. बरोबर. आता त्याच्यापुढं लिही, पोरगी अंगावर पिते, दूध तुटेपर्यंत बोलवायचं नाही. अरे नाही, फुली नको मारू. नाव राहू दे.