एकेचाळीस पत्रांची फाईल

दत्ताराम : मला ते फोनवरचं नको, स्वप्नाली. एवढ्याशा काचेवर पत्र वाचायचं म्हणजे डोळ्यांचा छळ. जुन्या कम्प्युटरवर होतं तस्संच या नव्यावर लावून दे. डावीकडे कप्पे, उजवीकडे पत्र.

स्वप्नाली : लावतेय हो, बाबा. पण ही तर सोसायटीची मेल आहे. तुम्ही सेक्रेटरी कुठे आहात आता?

दत्ताराम : पाच महिन्यांपूर्वी होतो ना? हा मेल आयडी मी काढला. दोन हजार नऊ साली, भाईंदर वेस्टच्या त्या कम्प्युटरवाल्याकडे चार हेलपाटे घालून. अख्ख्या बेव्हर्ली पार्कात तेव्हा कुठल्या सोसायटीची स्वतःची मेल होती, सांग बघू.

स्वप्नाली : आणि पासवर्ड?

दत्ताराम : तोच! पाच महिन्यांत नव्या कमिटीला साधा पासवर्ड बदलायची बुद्धी झाली नाही. ही असली बेफिकीर माणसं निवडून दिलीत तुम्ही लोकांनी.

शैला : बदलू नका, सगळं बिघडेल, असं यतीनला तुम्हीच बजावलं होतंत. सेक्रेटरीचा चार्ज देताना. मी चहा घेऊन आले होते तेव्हा.

दत्ताराम : तू आतलं काम बघ. स्वप्नाली, ती निळी डायरी उघड. त्यात सगळी सेटिंग लिहिलीयत.

स्वप्नाली : म्हणजे बाबा, सोसायटीला लोक जे लिहितात ते सगळं तुम्ही अजून वाचताय?

दत्ताराम : चोरून वाचतो का? लक्ष ठेवतो. चौतीस वर्षं आवक विभागात काढलीत मी. आलेलं टपाल फोडायचं, प्रिंट काढायची, भोकं पाडायची, नंबर घालायचा, फाईलला लावायची. एक कागद हलला नाही माझ्या हातून. ही बघ फाईल. नवी कमिटी आल्यापासूनची एकेचाळीस पत्रं. आणि उत्तरं किती गेली असतील?

स्वप्नाली : किती?

दत्ताराम : दोन. एकेचाळिसात दोन! मी गेटवर उभं राहून एकेकाला विचारलंय. बाकी प्रत्येकावर लाल शाईत शेरा मारलाय बघ. ‘उत्तर नाही.’ ‘उत्तर नाही.’ ‘उत्तर नाही.’ उद्या मीटिंगमध्ये ही फाईल टेबलावर आपटतो आणि यतीनला म्हणतो, आता राजीनामा लिही.

स्वप्नाली : यतीन तसा नाही वाटत हो. मला दिसला की लांबून हात करतो.

दत्ताराम : हात करायला काय जातंय? गुणवंतभाईंचं काय केलंन, ते विचार. पत्र नंबर नऊ, सतरा आणि तेवीस. वाच. मोठ्याने वाच.

स्वप्नाली : ‘माननीय सेक्रेटरी, माझ्या मिस्टरांना अर्धांगवायू झाला आहे. लिफ्टमधून खाली आल्यावर पाच पायऱ्या आहेत. व्हीलचेअर उचलायला रोज कोणी मिळत नाही. कृपया एक उतार बांधून द्यावा. गिरिजा, तीनशे दोन.’ अरे देवा.

दत्ताराम : तिसऱ्या पत्रात लिहिलंय, वॉचमनच्या हातून खुर्ची सटकली. तेव्हापासून माणूस खाली आला नाही. दर संध्याकाळी बाकावर माझ्या शेजारी बसून पेपर वाचणारा माणूस! तीन महिने गॅलरीत बसून खालचे लोक बघतोय. दोन दिवसांचं गवंड्याचं काम. आणि या निर्लज्जाला ती लिफ्टपाशी भेटली, तर तोंड वर करून म्हणतो, काकी, मेल आलीच नाही!

शैला : गिरिजाबेन रडत होत्या माझ्यापाशी. म्हणाल्या, हमको झूठा बोला.

दत्ताराम : ऐकलंस? बाईला खोटं पाडलं! नंतर तिने लिहायचंच सोडलं.

स्वप्नाली : पण तोंडी सांगितलं होतं ना? तेवढ्यावर करायचं त्याने.

दत्ताराम : तोंडी तक्रार घ्यायची नाही, लेखी मेल केल्याशिवाय नोंद नाही, हा सोसायटीचा नियम आहे. बोर्डावर लावलाय. मीच लावलाय. नियम योग्यच आहे, माणूस नालायक आहे. तू पुढे चल.

स्वप्नाली : बरं. इनकमिंग सर्व्हर टाकला. हे विचारतंय, आयमॅप की पॉप?

दत्ताराम : डायरीत काय आहे?

स्वप्नाली : पॉप. हे कोण वापरतं आता! आणि इथे खाली एक चौकट आहे, ‘सर्व्हरवर प्रत ठेवा.’ डायरीत लिहिलंय, टिक काढणे. दोनदा अधोरेखित.

दत्ताराम : मग काढ. त्या भाईंदरच्या कम्प्युटरवाल्याने सांगितलं होतं, वर जागा कमी आहे, भरली की मेल बंद पडेल. आमच्याकडे पण टपाल फोडल्यावर परत पोत्यात कोणी ठेवत नसे.

स्वप्नाली : काढली. थांबा, सुरू करण्याआधी फोनवर वेबमेल उघडून पासवर्ड बरोबर आहे का बघते. हां, उघडलं. इनबॉक्समध्ये सात मेल. सोमवारपासूनच्या. यातल्या पाचांना उत्तर गेलंय, बाबा. यतीनची सही आहे.

दत्ताराम : तेच तर! पाच महिने झोपला होता, या आठवड्यात अचानक जाग आली. मंगळवारी लिफ्टवाला आला, गुरुवारी टाकी धुतली. माझ्या फाईलची कुणकुण लागली असणार त्याला. पण मी सोडतोय होय!

स्वप्नाली : ओके, आता तुमच्या कम्प्युटरवर घेते. येतायत बघा. एक, दोन... सात. आली सगळी. डावीकडे कप्पे, उजवीकडे पत्र. झालं मनासारखं?

दत्ताराम : वा! हे कसं ऑफिससारखं दिसतं. प्रिंटर लाव आता. बेचाळीस नंबरपासून पुढे.

स्वप्नाली : अरे? हे काय झालं?

दत्ताराम : काय झालं?

स्वप्नाली : फोनवरचं रिकामं झालं. सातच्या सात गेली.

दत्ताराम : गेली कुठे? ही काय समोर.

स्वप्नाली : तुमच्याकडे आली, बाबा. म्हणून तिथून गेली. ती टिक नसली की हे मशीन पत्र खाली उतरवतं आणि वरचं पुसून टाकतं. आता यतीनने स्वतःचा फोन उघडला, तर त्यालाही रिकामंच दिसेल.

दत्ताराम : त्याला कशाला रिकामं दिसेल? त्याचा फोन वेगळा.

स्वप्नाली : फोन वेगळा, पेटी एकच. जुना कम्प्युटर किती वेळ चालू असायचा?

शैला : सकाळी सहा ते रात्री अकरा. पंख्यापेक्षा जास्त तोच फिरत होता.

स्वप्नाली : आणि दर किती मिनिटांनी मेल बघायचा?

दत्ताराम : पाच. पाच मिनिटांवर लावला होता. टपाल तुंबलेलं मला चालत नाही... तू असं का बघतेयस माझ्याकडे?

शैला : तुमचा कम्प्युटर रविवारी रात्री जळला.

दत्ताराम : मग?

शैला : आणि यतीनला सोमवारी जाग आली.

(फाईलची पानं उलटल्याचा आवाज.)

दत्ताराम : नाही. हे पटत नाही मला. सोळा वर्षं याच सेटिंगवर चाललं, एक पत्र गहाळ नाही!

स्वप्नाली : कारण सोळा वर्षं पेटी उघडणारे तुम्ही एकटेच होतात.

दत्ताराम : मग त्या मशीनने विचारायला नको? पुसू का म्हणून? दुसऱ्याचं टपाल असं परस्पर खाऊन टाकायचं? हा काय चावटपणा! आणि तो भाईंदरवाला, तो तरी...

स्वप्नाली : विचारतं ना, बाबा. चौकट तेवढ्यासाठीच असते. डायरीत दोनदा रेघ मारलीय तुम्ही.

दत्ताराम : यतीनने यायला हवं होतं माझ्याकडे. विचारायला हवं होतं, काका, मेल का येत नाहीत?

शैला : आला होता. गणपतीनंतर. तुम्ही दारातूनच सांगितलंत, येतात सगळ्या, डोळे उघडे ठेवून बघ. मान खाली घालून गेला बिचारा.

दत्ताराम : मला खरंच वाटत होतं तो बघतोय आणि दाबून ठेवतोय. देवाशपथ, शैला. रोज प्रिंट काढताना माझं रक्त उकळायचं.

शैला : ठाऊक आहे. गोळी मीच देत होते.

स्वप्नाली : बाबा, ही सात मी परत त्याला पाठवते आत्ता. पण आधीची? जुन्या मशीनची डिस्क गेलीय ना?

दत्ताराम : गेली. सगळी जळली.

स्वप्नाली : मग सोसायटीला आलेल्या आधीच्या पत्रांची एकच प्रत उरलीय. तुमच्या मांडीवर.

दत्ताराम : यावर माझ्या अक्षरात शेरे आहेत. लाल शाईत. असं कसं देऊ मी त्याच्या हातात?

शैला : असंच द्या. नवीन छापू नका.

दत्ताराम : ...हो. स्वप्नाली, सोसायटीचं ते अकाउंट काढून टाक यातून.

स्वप्नाली : पॉपऐवजी आयमॅप लावलं तर पत्र वरच राहतं, दोघांनाही दिसेल, बाबा. काढायलाच हवं असं नाही.

दत्ताराम : काढ. आणि यतीनला सांग, पासवर्ड आजच बदल. मी विचारला तरी सांगू नको म्हणावं.

स्वप्नाली : मग या प्रोग्राममध्ये लावू काय? तुमची स्वतःची मेल आयडी सांगा, ती लावते.

दत्ताराम : माझी? माझी कुठे आहे. लागलीच नाही कधी.

स्वप्नाली : बसा. काढून देते. दोन मिनिटं लागतील.

दत्ताराम : नंतर. शैला, माझी चप्पल कुठे आहे?

शैला : मीटिंग उद्या आहे. आज फाईल घेऊन कुठे निघालात?

दत्ताराम : यतीनकडे. शनिवार आहे, घरी असेल. पण आधी तिसऱ्या मजल्यावर.

शैला : गुणवंतभाईंकडे? काय सांगणार त्यांना?

दत्ताराम : सांगतो, तुमची तिन्ही पत्रं पोचली होती. मला पोचली होती.