हर्णैच्या वाटेवरचं पाणी

बालाघाटच्या दवाखान्यात चहा घेऊन परतणाऱ्या कुशलच्या कानावर वडिलांचा आवाज पडला. नजर गेलेले प्रेमलाल बाकावरच्या अनोळखी बाईशी बोलत होते.

"डोळे होते तवा पोरानं मले कारनं हर्णै बंदरावर नेलतं. सडकेच्या बाजूनं समुद्रच समुद्र!"

"पाण्यात उतरले का, भाऊ?"

"हौ तं! मी म्हटलं, रोक. त्यानं लगेच गाडी रोकली. हात धरून गुडघाभर पाण्यात नेलं मले."

त्या दिवशी वडील पुन्हापुन्हा 'रोक' म्हणाले होते आणि बंदर गाठायच्या घाईत कुशलने गाडी कुठेच थांबवली नव्हती.

"नशीबवाले आहा, भाऊ."

"कुशल, आला का रे?"

"आलो, बाबा."

"पाणी थंड होतं का, बेटा?" बाईने विचारलं.

"हौ, मावशी," कुशल म्हणाला. "लय थंड होतं."