विंगेतला आवाज

अरे, आपल्या लालबागच्या नाट्यगृहाला हेरिटेजचा दर्जा मिळाला ना, तेव्हाची गोष्ट. इतिहास रेकॉर्ड करायला एक मॅडम आल्या. नायकाची कामं करणारा गणू सावंत गेल्या वर्षी गेला. जुन्यांपैकी मी एकटाच उरलो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये मला स्टेजवर उभं केलं.

“काका, तुम्ही कुठली भूमिका करायचात?”

“प्रॉम्प्टर होतो. वीस वर्षं विंगेतून नटांना संवाद पुरवायचो.”

“मग सगळं पाठ असेल. एक संवाद म्हणा. नाहीतर इथला एकही जुना आवाज राहणार नाही.”

मी गणूचा संवाद म्हटला.

“काही रेकॉर्ड झालं नाही, काका. मोठ्याने बोला.”

पुन्हा म्हटला, तसाच हळू. आणि थांबलो.

“काय झालं?”

“सवय, मॅडम. मोठ्याने गणू बोलतो.”