डावीकडे बघायची जागा

भाची : तू बोलू नकोस, आत्या. नुसती मान हलव. डॉक्टरांनी काय सांगितलंय?

आत्या : डॉक्टर स्वतःच इतके बोलत होते, मला कुठे काय ऐकू आलं.

भाची : बोललीस! आवाज बघ कसा झालाय. घसा बसलेला नाही तुझा, झोपलाय पार. आता एकच विचारते आणि गप्प बसते. चार वाजता मुलं येतील. आजपासून प्रार्थनेचा वर्ग मी घेणार, हे ठरलंय. तर प्रार्थनेतला तो तिसऱ्या कडव्यातला थांबा काढून टाकू ना? मान हलव फक्त.

आत्या : नाही.

भाची : नाही म्हणजे काढू नको, की ठेवू नको?

आत्या : बघ, बोलावं लागतं की नाही! काढू नको.

भाची : अगं पण का? येत्या रविवारी सगळ्या गावांतली आपल्या मंडळाची मुलं एकत्र प्रार्थना म्हणणार आहेत. बाकीची सगळी सरळ म्हणत जातील आणि आपल्या वर्गातली तेवढी मध्येच गप्प होऊन डावीकडे माना वळवतील. मागच्या वर्षी काय झालं आठवतंय ना?

आत्या : काही नाही झालं.

भाची : काही नाही? त्या सभागृहात डावीकडे संडासाचं दार होतं, आत्या! आपली पोरं हात जोडून संडासाकडे बघत उभी. 'आमच्या मुलांना' एवढं म्हणून गप्प. तोवर बाकीचे 'सांभाळ' म्हणून पुढच्या कडव्यात पोचले होते. मग आपल्यांनी मागून एकदम 'सांभाळ' म्हटलं, आणि नेमकं तेव्हाच दार उघडून एक गृहस्थ बाहेर आले.

आत्या : त्यांनीही हात जोडले होते. मी पाहिलं.

भाची : हसू नकोस, घसा दुखेल. रविवारचं सगळं ठरवणाऱ्या त्या चष्मेवाल्या काकांचा काल परत फोन आला होता. म्हणाले, वाक्य अर्ध्यावर तोडून कोणी देवाशी बोलतं का? 'आमच्या मुलांना' म्हणायचं आणि तोंड मिटायचं. मुलांना काय? उचल? बदडून काढ? देवानं समजायचं काय?

आत्या : देवाला घाई नसते. काकांना असते.

भाची : ते खरंय. पण मी त्यांना काय सांगू? आम्ही का थांबतो, तर म्हणे डावी बाजू हृदयाची. हेच सांगत आलोय आपण. काका म्हणाले, हृदयाची आठवण पहिल्या कडव्यात होत नाही का तुम्हाला? तिसऱ्यातच कशी होते?

आत्या : पाणी दे जरा. कोमट.

भाची : हे घे. उत्तर टाळायचं असलं की तुला तहान लागते.

बाबा : सरका, सरका! ट्रे गरम आहे, कोणाचा तरी हात भाजेल. मुलांसाठी छोटे पाव आणलेत. नव्या बाईंचा पहिला वर्ग ओस पडायला नको. पावाच्या आशेनं तरी येतील.

भाची : बाई नका ना म्हणू, बाबा.

बाबा : आणि ताई, तू बोलतेयस? जिन्यात असताना मला वाटलं, वर कोणीतरी फळी ओढतंय.

आत्या : ठेव ते टेबलावर आणि जा. तुझी पावांची खेप भट्टीत असेल.

बाबा : आहे की. पण आता काय, विजेची भट्टी. घंटी वाजली की पळायचं. तोवर मी मोकळा.

भाची : मग तुम्हीच सांगा. तुम्ही दोघंही आजोबांच्याच हाताखाली शिकलात ना? तिसऱ्या कडव्यात थांबून डावीकडे का बघतात?

बाबा : का म्हणजे? पाव बघायला.

भाची : काय?

आत्या : धाकट्या...

बाबा : आता त्यात लपवायचं काय, ताई? अगं चिंगे, तेव्हा ही वरची खोली कुठे होती? वर्ग भरायचा खाली, बेकरीतच. मुलं पिठाच्या पोत्यांवर ओळीनं बसलेली. अण्णा समोर टेबलापाशी, हात कणकेत आणि तोंडात प्रार्थना. लाकडाची भट्टी मुलांच्या डाव्या हाताला. दुपारची खेप आत सारली की अण्णा पहिलं कडवं धरायचे, एकेक ओळ घोटून घ्यायचे. घड्याळबिड्याळ काही नव्हतं त्यांच्याकडे. तिसऱ्या कडव्याशी आलं की पाव होत आलेले असायचे. मग मध्येच गप्प होऊन, जाऊन दार उघडायचे आणि रंग बघायचे. शिकवणारा गप्प, म्हणून मुलं गप्प. शिकवणारा भट्टीकडे बघतोय, म्हणून मुलंही भट्टीकडे बघतायत. झालं!

भाची : झालं? अहो, त्या मुलांनी त्यांच्या मुलांना शिकवलं!

बाबा : शिकवणारच. जसं मिळालं तसं दिलं त्यांनी. त्यातले काही तर दूर दूर गेले, तिथेही मान डावीकडेच.

भाची : आणि मी काकांना हृदय सांगत बसले! मुलांना चित्र काढून दाखवलंय मी, आत्या. लाल खडूनं.

बाबा : ते हृदयाचं कारण मंडळातल्या कोणी म्हाताऱ्यानं शोधून काढलं होतं. कोणाला बरं दिसलं, चिकटलं.

भाची : आत्या, तुला हे माहीत होतं?

आत्या : त्या दाराची बिजागरी अशी कुरकुरायची, की रस्त्यावर ऐकू जायची. मी काय बहिरी होते?

भाची : मग इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस?

आत्या : कोणी विचारलं नाही. जो तो मला कारण सांगायलाच आला. विचारलं ते आज तू.

भाची : मग प्रश्नच मिटला. ती प्रार्थना नाहीच मुळी. पाव करपू नयेत म्हणून घेतलेली सुट्टी आहे. काढते मी.

बाबा : आता हिनं तोंड का फिरवलं? ताई?

भाची : आत्या, काहीतरी बोल.

आत्या : बोलू नको म्हणतेस, आणि बोल म्हणतेस.

भाची : आत्या...

आत्या : काढ. वर्ग तुझा आहे. जो शिकवतो त्यानं ठरवायचं, मीही तसंच केलं. पण मला वाईट वाटेल, हे आत्ताच सांगून ठेवते. मागून तोंड पाडून बसणार नाही.

भाची : वाईट कशाचं? चूक होती ना ती?

आत्या : असेल चूक. अण्णांचा फोटो आहे आपल्याकडे. कोट घातलेला, कोणाचा तरी मागून आणलेला. तो बघून मला काहीच वाटत नाही. त्या थांब्याला डावीकडे बघितलं ना, की अण्णा दिसतात. वाकलेले, एक डोळा मिटून, कानाच्या पाळीला पीठ. समोर कपाट असू दे नाहीतर संडास असू दे. मला तिथे अण्णा दिसतात.

बाबा : कानाला पीठ असायचंच. खरंय.

आत्या : एकदाही पाव करपू दिला नाही त्यांनी. आणि प्रार्थनाही कधी चुकवली नाही. दोन्ही एकाच तोंडानं आणि एकाच हातानं. काढ तू, चिंगे. मी सांगितलं म्हणून ठेवू नकोस.

भाची : खरं सांगू? मला तो थांबा नको आहे, त्याचं कारण काका नाहीत.

आत्या : मला वाटलंच.

भाची : रागावू नकोस. प्रार्थनेची भाषा मला निम्मीच कळते. तू बोलतेस ते कळतं, प्रार्थनेतलं जुनं मला घोकावं लागतं. आणि वर कोणी ऐकतंय की नाही, तेही मला माहीत नाही. कधी वाटतं ऐकतंय, बरेचदा वाटत नाही. शब्द चालू असले की निभावतं. चाल असते, तालात जाते मी. पण तो थांबा आला की शब्द संपतात, चाल संपते आणि मी उघडी पडते. आज सगळी मुलं त्या शांततेत माझ्याकडे बघतील ना, तेव्हा त्यांना कळेल की बाईंकडे काहीच नाही.

आत्या : तुझ्याकडे कशाला बघतील? डावीकडे बघतील.

बाबा : हे बाकी झकास!

भाची : बाबा, हसू नका. मी रडकुंडीला आलेय इथे.

आत्या : इकडे ये. बस. मला काय रोज वाटतं का? कित्येकदा माझ्या मनात फक्त एवढंच असतं की मागच्या बाकावरच्या त्या दोघी एकमेकींच्या वेण्या ओढतायत. आणि अण्णांच्या मनात तरी काय होतं? पाव. 'आमच्या मुलांना' म्हणताना त्या माणसाच्या मनात पाव होता. तरी आपल्यापर्यंत आली ना प्रार्थना? ती काही अडली का?

भाची : नाही अडली.

आत्या : मग तुझ्या मनात शंका आहे म्हणून कशी अडेल? पावापेक्षा शंका काही जड नसते.

बाबा : पोतंभर पाव उचलून बघ, म्हणजे जड काय ते कळेल.

भाची : बाबा, तुम्ही इतकं हसता, मग वर्ग तुम्ही का घेत नाही? आत्याचा आवाज गेल्यावर सगळे माझ्याच मागे लागले. तुमचं नाव कोणी काढलंच नाही.

बाबा : मला येत नाही.

भाची : थापा.

बाबा : खरंच. म्हणजे, तिथपर्यंत येते. 'आमच्या मुलांना'पर्यंत.

आत्या : काय बोलतोयस?

बाबा : अगं ताई, अण्णा दार उघडून मान हलवायचे. मान हलवली, म्हणजे पाव झाले. मग मी ट्रे उचलायचा आणि पुढे दुकानात मांडायचा. तू ताई, तू वर्गात बसायचीस. मी हाताशी होतो ना. पाव मांडून परत येईपर्यंत मुलं चपला शोधत असायची. रोजचंच होतं ते. पुढचं ऐकलंय इतक्या वेळा, कानावर आहे. जिभेवर नाही.

भाची : आणि सगळ्यांसोबत म्हणताना?

बाबा : ओठ हलवतो. अण्णा गेले त्या दिवशी मी पुढे उभा होतो. सगळी माणसं मागे. तेव्हाही ओठच हलवले. आपल्या बापासाठी मला अर्धीच म्हणता आली, चिंगे. त्याचं वाईट वाटतं मला. आता तुम्ही विषय काढलात म्हणून सांगितलं.

आत्या : मला कधी बोलला नाहीस, धाकट्या.

बाबा : तू विचारलं नाहीस.

आत्या : शिकवली असती मी.

बाबा : त्या वेळेला खेप असायची ना आत. नेहमीच असते.

भाची : आत्या, रुमाल घे. आणि आता खरंच बोलू नकोस. मी बोलते. थांबा राहील.

आत्या : काका?

भाची : काकांना मी सांगते, आम्ही थांबणार. तुमची मुलं जाऊ देत पुढे. 'सांभाळ' दोनदा ऐकावं लागलं म्हणून देव काही रागावणार नाही. आणि हृदयाचं चित्र मी पुसणार. मुलांना पाव सांगणार आज. पोती, भट्टी, कुरकुरणारं दार, कानाला लागलेलं पीठ, सगळं. डावीकडे बघताना काय बघायचं, ते तरी कळू दे त्यांना.

आत्या : आणि शंका?

भाची : ती आहे. असू दे. हाताशी राहील, बाबांसारखी.

बाबा : म्हणजे अर्ध्यातून ट्रे घेऊन पळणारी.

भाची : बाबा, उभे राहा.

बाबा : मी?

भाची : मुलं यायची आहेत अजून. माझा पहिला विद्यार्थी तुम्ही. अ‍ॅप्रन राहू दे अंगावर. हात जोडा. आत्या, तू नुसते ओठ हलव. आज तुझी पाळी.

बाबा : हसलीस ना ताई? हसलीस. बरं वाटलं.

भाची : पहिली दोन कडवी तुम्हाला येतात, ती मी सोडते. तिसरं धरूया. माझ्यामागून नाही, माझ्याबरोबर म्हणायचं. चला.

बाबा : आवाज चिरकेल माझा.

भाची : इथे कोणाचा धड आहे? म्हणा. 'जे पुढे गेले, त्यांना विसावा दे...'

बाबा : 'जे पुढे गेले, त्यांना विसावा दे. जे घरी आहेत, त्यांच्या हाताला काम दे. आमच्या मुलांना...'

(तिघंही गप्प होऊन डावीकडे बघतात. डावीकडे खडूंचं कपाट आहे. खाली भट्टीची घंटी वाजू लागते.)

आत्या : धाकट्या, घंटी.

भाची : बाबा, पळा. पाव करपतील.

बाबा : करपू देत. पुढचं सांग.